खरखरीचे कूळ आणि मूळ

संध्याकाळची वेळ आहे. ओसरीवर रेडिओ लावला आहे, बातम्या चालू आहेत आणि एवढ्यात शेजारच्या विहिरीवरची मोटार कुणीतरी सुरू करतो. लागलीच रेडिओतून खर्र खर्र आवाज येऊ लागतो. आजी म्हणते, "बघ रे बाबा, रेडिओला काय झालं?" रेडिओला काहीच झालेले नसते. तो बिचारा आपले काम इमानाने करतो आहे. दूरच्या केंद्रावरून आलेली लहर जशी तो ऐकतो, तशीच जवळच्या स्टार्टरमध्ये उडालेली ठिणगीही ऐकतो. दोन्ही त्याच्या दृष्टीने लहरीच.

या खरखरीचे कूळ आणि मूळ काय, माणसाने तिच्याशी कसा सामना दिला, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. पण सुरुवात जुन्या रेडिओपासून न करता एका अगदी नव्या यंत्रापासून करतो.

आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेत मुलांनी विज्ञानाच्या गुरुजींच्या हाताखाली एक लहानसा ड्रोन जोडला. चार पंखे, चार मोटारी, एक बॅटरी, मधोमध मेंदूचे काम करणारी पट्टी, दिशा कळावी म्हणून होकायंत्राची चकती, जागा कळावी म्हणून उपग्रहांचे संदेश ऐकणारा जी.पी.एस. आणि खाली एक छोटा कॅमेरा. मीही त्या दिवशी शाळेच्या माळावर उभा होतो. ड्रोन पुरुषभर उंच गेला, क्षणभर थांबला आणि मग घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरू लागला. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा मोठा. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला तो मुलांच्या रांगेवरून गेला आणि पलीकडच्या गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आदळला. पाचवीतली एक मुलगी दोन हात अंतरावर उभी होती. तिला काही लागले नाही, हे नशीब.

गुरुजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हे आता कपाटात ठेवून देतो. पोरांच्या जिवाशी खेळ नको." त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मी एवढेच म्हणालो, "गुरुजी, कपाटात ठेवायच्या आधी शाळेतलं होकायंत्र एकदा मागवा."

शाळेचे साधे, सुई असलेले होकायंत्र आणले. ड्रोनचे पंखे काढून टाकले आणि बॅटरीच्या तारेजवळ ते धरले. मोटारी फिरवल्या मात्र, सुई उत्तर सोडून बाजूला वळली. मोटारी थांबवल्या, सुई पुन्हा जागेवर आली. मुलांना जे दिसले, तेच १८२० साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड या प्राध्यापकाला दिसले होते. तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकत्व निर्माण होते आणि शेजारची सुई हलते. ज्या शोधातून पुढे मोटारी जन्माला आल्या, त्याच शोधामुळे आमचा ड्रोन रस्ता चुकला होता.

शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. एका सरळ लांब तारेतून २० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तारेपासून २ सेंटीमीटरवर चुंबकीय क्षेत्र भरते २०० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचे जे आडवे क्षेत्र होकायंत्राला उत्तर दाखवते, ते आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला. म्हणजे तारेची ओढ पृथ्वीच्या पाचपट! मग त्या बिचाऱ्या चकतीने उत्तर कोठे शोधावे? ड्रोन जागेवर राहण्यासाठी एकीकडे जातो, दिशा चुकीची म्हणून भलतीकडे पोचतो, चूक सुधारायला जातो आणि पुन्हा चुकतो. त्यातूनच तो घाण्याचा फेरा तयार होतो.

आता उपाय पाहा. पहिला उपाय अंतराचा. २ सेंटीमीटरऐवजी १० सेंटीमीटर दूर गेलो, तर त्या एका तारेचे क्षेत्र २०० वरून ४० वर येते. दुसरा उपाय अधिक गमतीचा आहे आणि त्यासाठी टेलिफोनच्या बालपणाकडे वळले पाहिजे.

सुरुवातीच्या टेलिफोनला खांबावरून एकच तार असे. परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. तार वाचे, पैसा वाचे. परंतु शेजारून तारायंत्राची तार गेली की तिची टकटक टेलिफोनात ऐकू येई, आणि पुढे शहरांत विजेच्या ट्रामगाड्या आल्या, तेव्हा तर बोलणे मुश्किल झाले. यावर तोड अशी निघाली की परतीसाठी जमिनीवर भिस्त न ठेवता दुसरी तार घालावी, आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळाव्यात. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली अशा पिळलेल्या जोडतारेचे पेटंट घेतले. यातली युक्ती अगदी साधी आहे. एका तारेतून प्रवाह जातो, दुसरीतून परत येतो. दोघींचे चुंबकत्व उलटसुलट. त्या जवळजवळ असल्या म्हणजे एकीचे दुसरी पुसून टाकते. पीळ दिल्याने दोघीही आळीपाळीने आत-बाहेर होतात, आणि बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच पडल्यामुळे तोही वजा होतो. सुंभ वळताना दोन पेड जसे एकमेकांना धरून राहतात, तसेच हे.

आमच्या ड्रोनमध्ये काय होते? बॅटरीची तांबडी तार एका बाजूने गेलेली, काळी तार दुसऱ्या बाजूने, आणि दोहोंच्या मधोमध होकायंत्राची चकती चिकटवलेली! मुलांनी दोन्ही तारा आखूड केल्या, एकत्र पिळल्या आणि होकायंत्र व जी.पी.एस. एका बोटभर जाड काठीवर वीतभर उंच चढवले. शाळेची सुई पुन्हा त्या काठीजवळ धरली. मोटारी फिरल्या, सुई ढिम्म हलली नाही.

गुरुजी हसले. पण गोष्ट येथे संपली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रोन जमिनीवरच ठेवून पाहणी चालली होती. पडद्यावर १४ उपग्रह दिसत होते. एका मुलाने कॅमेरा आणि त्याचे चित्र पाठवणारा प्रक्षेपक सुरू केला, आणि आकडा उतरू लागला. १४ चे १०, दहाचे ५. कॅमेरा बंद केला की आकडा पुन्हा वर. हा होकायंत्राचा दोष नव्हता. ही खरी रेडिओची खरखर होती, फक्त कानाला न ऐकू येणारी.

जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, घरातल्या जुन्या बल्बाएवढ्या माफक शक्तीने बोलतात. तो आवाज जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की एका वॉटचे, एकावर सोळा शून्ये एवढे भाग केले, तर त्यातला एखादा भाग आपल्या वाट्याला येतो. त्याची कंपनसंख्या १५७५.४२ मेगाहर्ट्झ. आणि त्याच्या कानाशी चार बोटांवर कॅमेऱ्याची चक्रे सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होत असतात. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही उमटतात ना? तशीच या चालू-बंद होण्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट अशी वरची कंपने निघतात, आणि त्यांतली काही नेमकी उपग्रहाच्या जागेवर येऊन बसतात. जत्रेत बँडजवळ उभे राहून डोंगरावरून कुणी घातलेली साद ऐकावी, तशी जी.पी.एस.ची अवस्था होते.

जवळचा मोठा आवाज दूरचा बारीक आवाज बुडवतो, हा अनुभव माणसाने एकदा फार महाग विकत घेतला आहे. १८८७-८८ च्या सुमारास जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झने ठिणगी पाडून विद्युत्-लहरी प्रथम सिद्ध केल्या. पुढे मार्कोनीने त्याच ठिणगीवर बिनतारी संदेशवहन उभारले. परंतु ठिणगीची लहर एका जागी राहत नाही, ती पुष्कळ कंपनसंख्यांवर पसरते. ठिणगीने बोलणारे यंत्र म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडणारा माणूस. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक बोटीचा तारवाला जॅक फिलिप्स न्यूफाउंडलंडमधल्या केप रेस केंद्राशी उतारूंचे निरोप बोलत होता. तो आवाज दूरचा, मंद. रात्री अकराच्या सुमारास जवळच बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन बोटीचा तारवाला सिरिल एव्हन्स सांगू लागला की आम्ही बर्फाने वेढलो आहोत. बोट जवळ, म्हणून त्याचा आवाज फिलिप्सच्या कानात धाडकन आदळला आणि केप रेसचे बोलणे बुडाले. फिलिप्सने वैतागून त्याला गप्प बसायला सांगितले. एव्हन्सने थोडा वेळ ऐकले, मग यंत्र बंद केले आणि तो झोपी गेला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली. मदतीची हाक गेली, तेव्हा सर्वांत जवळच्या बोटीवर ती ऐकायला कोणी जागे नव्हते. पंधराशेहून अधिक माणसे गेली.

त्या अपघाताची कारणे अनेक होती, सारा दोष खरखरीवर टाकणे बरोबर नाही. पण आकाशही विहिरीसारखे सामाईक आहे, ज्याला वाटेल त्याने वाटेल तसे पाणी उपसले तर सगळ्यांचेच हाल, हे जगाला त्यानंतर उमजले. त्याच वर्षी लंडनला आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषद भरली, नियम कडक झाले. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठिणगीयंत्रे हळूहळू मोडीत काढण्याचे ठरले. आणि १९३४ साली पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती बसली. मोटारगाड्या, पंखे, कारखाने यांनी किती खरखर केलेली चालेल, याची मोजमापे ठरवणे हे तिचे काम. सिस्प्र या नावाने ती समिती आजही काम करते.

ही झाली कायद्याची बाजू. पण प्रयोगशाळेत ही लढाई त्याआधीच सुरू झाली होती, आणि तीत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने बारा फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच अशी एक खोली उभारली. तिला तारांचे आणि धातूच्या पत्र्याचे आवरण केले. बाहेरून तिला भयंकर विजेने भारले, ठिणग्या उडू लागल्या. आत बसलेल्या फॅरेडेच्या नाजूक उपकरणांना मात्र पत्तासुद्धा लागला नाही. धातूचे बंद घर विजेला बाहेरच थोपवते. साठ वर्षांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस अगदी आखूड, मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करीत होते. त्यांचे ग्राहकयंत्र इतके संवेदनशील की स्वतःच्याच प्रक्षेपकाची भटकी लहर त्याला फसवी. बोसबाबूंनी प्रक्षेपकाची कॉइल आणि बॅटरी धातूच्या पेटीत बंद केली. लहर बाहेर पडावी ती फक्त ठरलेल्या नळीतून, दुसरीकडून नाही. २९ जानेवारी १८९७ रोजी त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे प्रयोग जगाला दाखवले. गोंगाट जेथे जन्मतो तेथेच त्याला कोंडावा, हा धडा आपल्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवला आहे.

तिसरा धडा एका काळ्या दगडासारख्या पदार्थाचा. जुना ट्रान्झिस्टर कधी उघडून पाहिला असेल, तर आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली एक काळी कांडी दिसली असेल. तेच फेराइट. १९३० साली तोक्योमध्ये योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी ते तयार केले आणि पुढे हॉलंडमध्ये स्नूक या शास्त्रज्ञाने त्यात मोठी भर घातली. ट्रान्झिस्टरमधले फेराइट लहर गोळा करते. पण विशिष्ट जातीच्या फेराइटचे कडे तारेभोवती बसवले, तर ते संथ प्रवाहाला सुखाने जाऊ देते आणि वेगाने थरथरणाऱ्या खरखरीला अडवून तिची ऊब करून टाकते. संगणकाच्या तारेला टोकाशी जी जाड गाठ असते, तिच्या पोटात हेच कडे असते.

आता कुणी विचारील, मग हातातल्या चालकयंत्राचे आणि ड्रोनचे बोलणे कसे टिकते? तेथेही इतिहास आहे. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक लहान बोट बिनतारी चालवून दाखवली. दुसऱ्या कुणाच्या लहरीने ती भडकू नये, म्हणून दोन निरनिराळ्या लहरी एकदम आल्या तरच यंत्राने हुकूम मानावा, अशी योजना त्याने पुढे मांडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी याहून पुढची कल्पना काढली. प्रक्षेपक आणि ग्राहक यांनी ठरलेल्या क्रमाने एकदम उड्या मारीत कंपनसंख्या बदलत राहायचे, म्हणजे शत्रूला लहर सापडणार नाही. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, ८८ जागा त्यांनी कल्पिल्या होत्या. ११ ऑगस्ट १९४२ ला त्यांना पेटंट मिळाले. युद्धात ते वापरले गेले नाही. परंतु आज हौशी ड्रोनची पुष्कळ चालकयंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीत अशाच उड्या मारीत बोलतात. एका जागी गोंगाट सापडला, तर पुढच्या क्षणी दुसरी जागा.

एवढे सारे माहीत असूनही माणूस चुकतो. ४ मे १९८२ रोजी फॉकलंड बेटांजवळ ब्रिटिश युद्धनौका शेफील्डवर क्षेपणास्त्र येऊन आदळले आणि २० खलाशी मरण पावले. शत्रूच्या रडारची चाहूल देणारे यंत्र नौकेवर होते. परंतु त्याच वेळी तिचा उपग्रहाशी संवाद चालू होता, आणि त्या प्रक्षेपणाने चाहूल देणारा कान बधिर केला होता. वैऱ्याने काही करण्याआधी घरातल्याच दोन यंत्रांचे आपसांत पटले नव्हते. आमच्या ड्रोनच्या कॅमेऱ्याचे आणि जी.पी.एस.चे भांडण याच जातीचे. फरक फक्त आकाराचा.

तर मग शाळेत काय केले ते सांगतो. ज्यांना घरी-शाळेत असा खटाटोप करायचा असेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आधी दोषी कोण ते शोधले. सगळे एकदम चालू न करता एकेक उपकरण सुरू केले आणि दर वेळी उपग्रहांचा आकडा वहीत लिहिला. वही नसेल तर दुरुस्ती नाही, केवळ अंदाज. दोषी सापडल्यावर त्याला दूर नेले: कॅमेरा पुढच्या टोकाला, जी.पी.एस. मागच्या काठीवर. मग भिंत घातली: कॅमेऱ्याच्या आणि जी.पी.एस.च्या मध्ये तांब्याचा पातळ पत्रा, बॅटरीच्या ऋण तारेला जोडलेला. जी.पी.एस.ची आकाशाकडची बाजू मात्र उघडी ठेवली, नाहीतर उपग्रहही दिसायचे नाहीत. कॅमेऱ्याच्या तारेवर फेराइटचे कडे बसवले. मोटारींना वीज देणाऱ्या नियंत्रकांच्या तोंडाशी एक मोठा कपॅसिटर जोडला. नियंत्रक सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडतात-जोडतात, त्या धक्क्यांना कपॅसिटर रांजणासारखा साठा पुरवतो आणि धार सारखी राहते. शेवटी चालकयंत्राशी बोलणारी अँटेना कार्बनच्या सांगाड्याबाहेर काढली, कारण कार्बन विजेचा वाहक आहे, तो लहर अडवतो.

पुन्हा सगळे चालू केले. उपग्रह १३. कॅमेरा बंद केला, १४. फरक राहिला तो एकाचा.

एक इशारा द्यायलाच हवा. पंखे काढून घेतलेली परीक्षा अर्धीच असते, कारण पंख्यांचा भार नसला की मोटारी थोडाच प्रवाह घेतात. म्हणून पहिले उड्डाण मोकळ्या माळावर, कमी उंचीवर आणि मुलांना चांगले तीस पावले मागे उभे करून झाले पाहिजे. प्रथम होकायंत्र आणि जी.पी.एस. यांच्यावर न विसंबता हातानेच ड्रोन तोलून पाहावा, खाली उतरवून नोंदी तपासाव्यात आणि मगच त्याला स्वतःच्या भरवशावर सोडावे. २०२१ पासून आपल्या देशात ड्रोनचे नियम लागू आहेत, तेही शिक्षकांनी आधी वाचून घ्यावेत. आज शेतावर औषध फवारणारे ड्रोन दहा-दहा लिटरची टाकी घेऊन उडतात. तो घाण्याचा फेरा अशा ड्रोनने घेतला, तर प्रकरण गोठ्याच्या पत्र्यावर भागणार नाही.

श्रोतेहो, खरखर हा काही यंत्राला झालेला रोग नव्हे. तो शेजाऱ्याचा आवाज असतो. त्यावर स्वतःचा आवाज चढवणे हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो आणि तो बहुधा फसतो, कारण मग दुसराही आवाज चढवतो. आवाज करणाऱ्याने आवाज आवरावा, अंतर राखावे, मध्ये भिंत घालावी, एका वाटेवर गर्दी झाली तर दुसरी धरावी, हेच ओर्स्टेडपासून आजवरच्या दोनशे वर्षांत माणूस शिकला.

शाळेच्या माळावर ड्रोन पुन्हा उडाला, तेव्हा तो पुरुषभर उंचीवर जाऊन एका जागी स्थिर राहिला. तीस पावलांवर मुले उभी होती, आणि त्यांत ती पाचवीतली मुलगीही होती. गुरुजींनी कपाटाची किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "चला, आता ओर्स्टेडचा धडा घेऊ. आज समजेल."